उष्टा धवला

चांगुणाआत्या नवरा-नवरी समोर असल्याशिवाय धवल्याचा, म्हणजे लग्नगाण्याचा, एक शब्द तोंडातून काढत नसे. आमच्या खारेपाटात भटजी येतो तो नंतर. त्याआधी, हळदीपासूनच, मांडवात बसून देवांना, पितरांना आणि दोन्ही घरच्या माणसांना नावानिशी गाण्यातून बोलावते ती धवलारीण. आत्या आमच्या भागातली शेवटची. ती जाऊन आता वर्ष होईल.

अलिबागच्या कुठल्याशा कार्यक्रमात तिला एकदा स्टेजवर गायला बोलावलं होतं. आत्या नवं लुगडं नेसून गेली, खुर्चीवर बसली, माइककडे पाहिलं आणि म्हणाली, "नवरा-नवरी कुठं हायत?" नाहीत म्हटल्यावर बटाटावडा खाऊन दुपारच्या एसटीनं परत आली. मी छेडलं तर म्हणाली, "गला माझा हाय रं, पन धवला ज्याचा लगीन त्याचा. उगाच कोनाला गाऊ?"

मी तेव्हा लॅपटॉप आणि त्याला जोडायची हार्ड डिस्क घेतली होती. नवी वस्तू घेतलेल्या माणसाला जडतो तो आजार मलाही जडला, म्हणजे आपली संस्कृती जपण्याचा. लग्नात रेकॉर्डिंग करून पाहिलं, तर धवल्यापेक्षा डीजेच जास्त ऐकू यायचा. म्हणून म्हटलं, "आत्या, तुझे सगळे धवले घरी शांतपणे रेकॉर्ड करतो."

"कर की. लगीन कोनाचा?"

"कुणाचंच नाही."

"मंग तूच बस. नायतरी तुला पोरगी कोन देतंय?"

"आणि नवरी?"

आत्यानं अंगणातल्या केळीकडे बोट दाखवलं. "ही चांगली हाय. उलट बोलनार नाय."

असा मी, पदवीधर, नोकरदार, कपाळाला मुंडावळ्या बांधून भरदिवसा केळीशेजारी पाटावर बसलो. आत्यानं मला खरी हळद लावली, केळीलाही लावली आणि जे गायला सुरुवात केली ते वरातीच्या धवल्यापर्यंत थांबली नाही. जाड, थोडा खरखरीत आवाज. ओढून धरला की कुंपणावरची पोरं खिदळायची थांबत. आईनं घरात शिरताना एवढंच म्हटलं, "आता सुनेला पानी घालत जा." पुढं त्या केळीला घड आला तेव्हा आत्या साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "दिन्या, बारशाला बोलव हां!"

मग तिच्या घशात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं आणि त्यात आवाज गेला, कायमचा. गळ्याशी पांढरा रुमाल बांधून आत्या नुसते ओठ हलवायची. ते ओठ वाचता यायचे एकट्या मनालीला, तिच्या नातीला. आईविना वाढलेल्या त्या पोरीला आत्यानंच वाढवलं होतं. आता आत्याचं सगळं बोलणं, शिव्यांसकट, मनालीच्या तोंडून यायचं.

मनालीचं लग्न ठरलं आणि आत्यानं मला बोलावून घेतलं. ओठ हलले. मनाली खाली बघत म्हणाली, "आजी म्हणते, साऱ्या गावाच्या पोरी मी गाऊन सासरी धाडल्या. माझीच बिनधवल्याची जाईल काय? दिन्याच्या डब्यात माझा आवाज हाय, तो काढ."

मी ऐटीत हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली. निळा दिवा लागला. लॅपटॉप मात्र हिला आयुष्यात पाहिली नाही असा चेहरा करून बसला. वायर काढून दुसऱ्या बाजूला लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. मनालीच्या कॉलेजच्या लॅपटॉपला लावून पाहिली. इंटरनेटवर वाचून ड्रायव्हर काढला, परत घातला. शेवटी नारळात पाणी आहे का बघतात तशी डिस्क कानाशी धरून हलवली. आत्या माझ्याकडे टक लावून बसली होती.

"आजी म्हणते, मानपान नाय झाला म्हनून रुसलीय."

मी हसलो आणि वायर पुन्हा काढून लावली. डिस्क मेली असती तर आत्याचा आवाज दुसऱ्यांदा गेला असता, आणि या खेपेला माझ्या हातून.

असा मी अर्धा दिवस घालवला. मग मोबाइल चार्ज करायला घेतला आणि लक्षात आलं की चार्जरची वायर डिस्कला आहे. चार्जरच्या त्या वायरीतून वीज जात होती म्हणून दिवा लागत होता. माहिती तिच्यातून जातच नव्हती. डिस्कची खरी वायर बॅगेच्या तळाशी, छत्रीला गुंडाळलेली निघाली. ती मीच गुंडाळली होती, छत्री उघडू नये म्हणून.

वायर बदलताच फाइली दिसल्या. मी पहिली लावली.

आत्याचा आवाज ओसरीभर झाला. आत्यानं हात रुमालावर नेला आणि तिथंच ठेवला. मनाली भिंतीला टेकून हुंदके देत होती. देव आले, पितर आले, आणि मग आवाजानं नवऱ्याला पाटावर बोलावलं : दिनेशला. माझ्या आईबापाचं नाव घेऊन. नवरीच्या जागी केळ.

"तेवढी नावं कापतो," मी घाईनं म्हणालो. "सॉफ्टवेअर आहे. कळणार पण नाही."

आत्यानं माझ्या दंडावर हात ठेवला. बराच वेळ ओठ हलत राहिले. मी मनालीकडे पाहिलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, तो तुझ्या नावानं लागलाय. उष्टा धवला माझ्या पोरीला नको."

हळदीच्या दिवशी आत्या मांडवात मनालीच्या समोर, नेहमीच्या जागी बसली. डीजेवाल्याला कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण त्यानं गाणं बंद केलं. मी सवयीनं मोबाइल बाहेर काढला होता. काय रेकॉर्ड करणार होतो कोण जाणे. खिशात घातला.

आत्यानं डोळे मिटले आणि ओठ हलू लागले. एरवी धवल्यामागे सूर धरणाऱ्या बायका हळदीची वाटी हातात घेऊन थांबल्या. कुणी घाई केली नाही. साऱ्या मांडवात ते ओठ वाचता येणारी एकटीच होती, आणि ती पाटावर बसली होती. तिची नजर आत्याच्या तोंडावरून हलत नव्हती. मध्येच तिनं मान खाली घातली आणि पदर सावरला. तिथं तिचं नाव आलं असावं.