सगळं बरं आहे, असं आम्ही सांगितलं

इंझोरीहून निघालो त्या सकाळी म्हाताऱ्याला जीपच्या पुढच्या सीटला माझ्या जुन्या लुगड्यानं बांधलं होतं. बांधलं नसतं तर पहिल्याच वळणावर तो ड्रायव्हरच्या अंगावर गेला असता. म्हातारा म्हणजे माझा नवरा, देवराव. मी त्याला म्हाताराच म्हणते, त्याचं त्याला काही वाटत नाही. लकवा मारून महिना झाला होता. डावा हात आणि डावा पाय गेला होता, तोंड शाबूत होतं. ते तोंड त्या दिवशी एकसारखं चालू होतं, "मले काहून नेऊन राह्यले? मी इथंच मरतो."

मी म्हटलं, "मरायचं तं तिथं बी मरता येते. आधी सीधा बस."

विहारासमोर बाया जमल्या होत्या. जयभीम केला. शेजारची शांता म्हणाली, "कौसे, पंधरा दिवसांत येशील ना वं परत?" मी हो म्हटलं. खोटं आहे हे तिलाही माहीत होतं, कारण माझ्या कोंबड्या तिनं सकाळीच आपल्या घरी नेल्या होत्या.

त्याला तीन वर्षं झाली. गावात राहिलेल्यांसाठी आणि पुण्याला, सुरतेला गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे. फोनवर तुम्ही सगळे एकच विचारता, गाव सोडून वाशिमात काय मिळालं? मी चौथी शिकलेली बाई आहे. जमेल तसं एकदाच लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

गावात लकव्याची औषधं कमी नव्हती. प्रत्येकाकडे एक होतं. कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं आणि कोणी ते आणून चोळलंही. महिनाभर म्हाताऱ्याच्या अंगाला कसला कसला वास येत होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं मात्र सांगितलं होतं की आता गोळ्या आणि व्यायाम, व्यायाम शिकवणाऱ्याकडून आठवड्यातून दोनदा, नाहीतर हात आखडून जाईल. इंझोरीत व्यायाम शिकवणारं कोण आहे? म्हणून पोराकडे आलो. पोरगा संजू इथं ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात कामाला आहे. त्याची एक खोली, मागं मोरी, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत आम्ही दोघं.

वस्तीत सगळ्या जातीची माणसं. एका बाजूला नसीमबी, तिचा नवरा गाद्या भरतो. दुसऱ्या बाजूला फरशी बसवणारे राजस्थानी. पुढं तांड्यावरून आलेले बंजारे, मागं रंगकाम करणारे बिहारचे. पहिल्या महिन्यात मला कोणाचं काही कळत नव्हतं आणि माझं त्यांना. नसीमबी मला म्हणाली, "बाई, तुम बात करते या भांडते?" आता ती माझ्यासारखी बोलते आणि मी तिच्यासारखी. सुनेला आम्हा दोघींचंही पटत नाही.

या वस्तीत पाण्याच्या टाकीशेजारी, जुन्या पिठाच्या गिरणीच्या दोन खोल्यांत एका संस्थेचा दवाखाना होता. शुगर-बीपीच्या गोळ्या, बायांची तपासणी, आणि आठवड्यातून दोनदा प्रणाली यायची. प्रणाली म्हणजे व्यायाम शिकवणारी पोरगी. त्या विद्येचं इंग्रजी नाव मला लिहिता येतं, बोलताना जीभ अडते. ती म्हाताऱ्याला आजोबा म्हणायची आणि एका ताटलीतले तुरीचे दाणे डाव्या हातानं दुसऱ्या ताटलीत टाकायला लावायची. पहिले चार महिने दाणे खालीच. म्हातारा चिडायचा, "जिंदगी गेली तूर पेरण्यात, अन् आता हे वेचू मी?" ती म्हणायची, "पेरली ना आजोबा, मंग वेचा." वर्षभरात तो दोन्ही हातांनी पायजम्याची नाडी बांधायला लागला. ज्याची नाडी बायकोला बांधावी लागते त्या माणसाला विचारा, ही केवढी गोष्ट आहे ते. पायही उचलायला लागला. काठी घेऊन टाकीपर्यंत एकटा जायचा आणि एकटा यायचा.

मग पाहुणे आले.

दवाखान्याची मॅडम आठवडाभर आधी सांगून गेली. ज्यांच्या मदतीवर दवाखाना चालतो ते लोक मुंबईहून पाहायला येणार, सगळ्यांनी हजर राहा. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्या बायांना काय सुचतं ते तुम्हाला सांगायला नको. गल्ली झाडली. नाली उपसली, जी नगरपरिषदेनं कधी उपसली नाही. फरशीवाल्यांनी दवाखान्याची पायरी घासून दिली. नसीमबीनं शिरा केला. बंजाऱ्यांच्या बाया लग्नातलं लेणं घालून आल्या. मी म्हाताऱ्याची दाढी केली, पांढरं धोतर नेसवलं, डोक्याला रुमाल बांधला. मीसुद्धा पेटीतलं हिरवं लुगडं काढलं. वस्ती अशी दिसत होती की तिथल्या कोणाला साधं पडसंही झालं नसेल.

पाहुणे भले होते. चपला बाहेर काढल्या, सतरंजीवर बसले, शिरा खाल्ला. मग एकेकीला विचारायला लागले, तब्येत कशी आहे, काय त्रास होतो, दवाखाना नसेल तर काय अडेल. आणि आम्ही एकीमागून एक सांगत गेलो, सगळं बरं आहे. नसीमबीची शुगर इतकी की पायाची जखम दोन महिने भरत नव्हती. तो पाय तिनं साडीखाली ओढून घेतला आणि म्हणाली, "अल्ला का शुक्र है." मीही तेच केलं. माझी माय सांगायची, पाहुण्यापुढं आपलं दुखणं काढायचं नाही, तो जेवायला आला हाये, आपलं ओझं न्यायला नाही. सासर-माहेर दोन्हीकडं हेच शिकले. पाहुणा भाकर खाऊन उठतो तेव्हा त्याच्या मनावर काही नसावं, ही आमची रीत.

सगळ्यात कहर म्हाताऱ्यानं केला. पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलं, "बाबा, चालता येतं का?" म्हातारा काठी न घेता उभा राहिला आणि सहा पावलं चालून दाखवली. दात कसे आवळले होते ते मला दिसत होतं. वर म्हणाला, "मी आता खणखणीत हाये. माह्यापेक्षा कोणाले गरज असंल तं त्याले द्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते लोक गेल्यावर तो दोन दिवस अंथरुणातून उठला नाही.

अडीच महिन्यांनी दवाखान्याच्या दारावर कागद लागला. या वस्तीतली गरज कमी झाली आहे, म्हणून केंद्र रुळापलीकडच्या वस्तीत हलवत आहोत. गोळ्यांचं कपाट, वजनकाटा, बाकडी टेम्पोत चढली. प्रणालीलाही तिकडंच नेमलं. पायरी आम्ही घासली होती, ती तेवढी राहिली.

मी नसीमबीला घेऊन संस्थेच्या ऑफिसात गेले. मॅडमला म्हटलं, "गरज कमी झाली हे तुमाले कोणं सांगतलं?"

मॅडम म्हणाली, "मावशी, तुम्हीच सांगितलं. प्रत्येकीचं उत्तर लिहून घेतलंय."

"पाहुणा घरी आला तं त्याच्यापुढं पाय उघडा करून बसतो का आपण? तुमी पेशंट म्हणून बलावलं असतं तं पेशंटवानी आलो असतो. तुमी म्हनल्या पाहुणे येऊन राह्यले."

नसीमबीची जखम या मॅडमनं स्वतः हातानं धुतली होती. पाहुणे आले त्या दिवशी ती तिथंच उभी होती आणि एक शब्द बोलली नव्हती. मी तसं तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, मलाही वाटलं, चांगलं दिसलं तर दवाखाना टिकेल." म्हणजे देखावा तिचाही आणि आमचाही. मग म्हणाली अर्ज द्या, घरोघरचे आजार लिहून आणा, मी वर पाठवते.

मी वही घेऊन गल्लीत फिरले. तिथं नवा तमाशा. माझ्या पडवीत बसून रोज गुडघे दाबणारी बाई म्हणते, "आमचं नको लिहू मावशी, पोरीचं लगन जमून राह्यलं." एकीची सून तपासणीला जात होती, सासू म्हणे असं काही नाहीच. राजस्थान्यांच्या बाया म्हणाल्या घरातल्या माणसाला विचारून सांगतो. तो माणूस अजून विचारात आहे. आठ दिवसांत वहीत दोन नावं आली, देवराव आणि नसीमबी. मी दोन नावांचाच अर्ज दिला. उत्तर आलं नाही. मला राग त्या मुंबईच्या लोकांचा येतो, ज्यांना लुगडं दिसलं आणि माणूस दिसला नाही. पण त्याहून जास्त राग आमचा येतो. सगळ्या गावांहून आलेल्या, वेगळ्या देवाच्या, वेगळ्या भाषेच्या बाया आम्ही, एका बाबतीत मात्र सारख्याच निघालो.

चार महिन्यांत म्हाताऱ्याचा हात परत वळला. बोटं तळहातात रुतून बसली. नाडी परत माझ्याकडं आली. मी दाणे ठेवून बसवायचे, पण मला ते जमत नाही. कुठं धरायचं, किती ताणायचं हे त्या पोरीच्या हाताला कळायचं. रुळापलीकडं न्यायचं तर संजूला सकाळी दुकान, ऑटोत पाय वर घ्यायला म्हातारा घाबरतो, एकदा पडला आहे. तेवढ्यात इंझोरीहून पुतण्याचा फोन आला, "काकू, दवाखानाच गेला तं तिथं कायले राह्यता? घर झाडून ठेवतो, या." मी दोन दिवस विचार केला. जायला पिशवी भरायलाही घेतली, हे मी लपवत नाही. म्हातारा पडल्या जागेवरून पिशवीकडं बघत होता. आला तेव्हा यायचं नव्हतं म्हणून भांडला होता. आता म्हणाला, "गावात हे बोटं कोण उघडंल?"

मी पिशवी रिकामी केली.

रुळापलीकडच्या दवाखान्यात प्रणाली गुरुवारी असते, आणि दवाखाना एकला बंद होतो. पहिल्या गुरुवारी आम्ही नऊला निघालो. मी म्हाताऱ्याच्या डाव्या दंडाला, नसीमबी मागं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन, जखमेच्या पायानं लंगडत. पन्नास पावलं चालायचं, स्टूल टाकायचं, बसायचं. किराणा दुकानापाशी म्हातारा म्हणाला, "लोक पाह्यत असतील." मी म्हटलं, "पाहू दे. त्याच्यासाठीच तं चाललो." फाटक पडलेलं होतं. मालगाडी संपता संपेना. पोचलो तेव्हा टाळं होतं. परत आलो.

दुसऱ्या गुरुवारी साडेसातला निघालो. साडेअकराला पोचलो. चार तास लागले. आम्ही दोघी त्याला आधार देऊन उभ्या, तो मध्ये. नवी मॅडम कागद भरत होती. तिनं विचारलं, "काय त्रास आहे, बाबा?" म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, छाती पुढं काढली आणि तोंड उघडलं. मी त्याच्या आधी बोलले. हात उघडत नाही, पाय घासतो, नाडी मी बांधते, रात्री मुतायला मी उठवते, सगळं लिहा. म्हातारा भिंतीकडं तोंड करून बसला. नसीमबीनं स्वतःहून साडी वर केली आणि पाय बाकड्यावर ठेवला. प्रणाली आतून आली, म्हाताऱ्याची मूठ हातात घेतली आणि एकेक बोट सोडवायला लागली. तो ओरडला. ओरडला ते बरं झालं.

आता दर गुरुवारी जातो. साडेतीन तास लागतात, आधी चार लागायचे. बोटं अर्धी उघडतात. पूर्ण उघडतील की नाही, प्रणालीही सांगत नाही, मीही विचारत नाही.

तुम्ही विचारता, घरी कधी येता. इंझोरीचं घर चांगलं आहे, सावली आहे, माणसं आपली आहेत, हे मला माहीत आहे. पण म्हातारा गुरुवारी आपल्या पायानं निघून दवाखाना बंद व्हायच्या आत पोचतो, ते ही पडवी आहे म्हणून. इंझोरीहून तो पोचणार नाही. तेव्हा तूर्त आमचं घर हेच. पुतण्याला सांगा, त्या घरात तूर भरून ठेवायची असेल तर ठेव.