बाहीला टाचलेली चिठ्ठी

माझी आत्या कपडे शिवत नाही, दुसऱ्यांनी शिवलेले सुधारते. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. त्यात एक मशीन, एक टेबल आणि उंच गिऱ्हाइकाचं डोकं हमखास आपटेल असं तिरकं छत. "नवं काय, कोणीही शिवतं," असं म्हणताना तिची मान जरा ताठ होते.

कपडा आला की ती त्यावर एक चिठ्ठी टाचते. बाकीचे शिंपी चिठ्ठीवर इंच लिहितात. आत्या मात्र गिऱ्हाईक जे बोललं ते जसंच्या तसं लिहायची. 'मालिकेतल्या खलनायिकेसारख्या बाह्या, पण ऑफिसात चालतील अशा.' 'पँट हिरोसारखी घट्ट, पण खाली बसता आलं पाहिजे.' 'कमरेत सैल करा, नवऱ्याला सांगू नका.' मी एकदा फिदीफिदी हसले, तर म्हणाली, "हसतेस काय? इंच काय, टेप सांगते. कपडा कशासाठी हवाय ते माणूसच सांगतं." काम झालं की चिठ्ठी भिंतीवरच्या तारेत ओवली जायची.

त्या काळात मला लेखिका व्हायचं होतं. चंद्र, समुद्र, एकटेपणा असल्या विषयांवर मी पानंच्या पानं भरत होते आणि मासिकं ती इमानेइतबारे 'साभार परत' पाठवत होती. दुपारी मी आत्याकडे बटणं लावायला जायची. एकदा बटणं लवकर संपली, म्हणून तारेवरच्या चिठ्ठ्या वाचत बसले ती दुकान बंद होईपर्यंत उठलेच नाही. समुद्र गेला खड्ड्यात, म्हटलं, सगळं तर इथेच आहे.

त्यातली एक चिठ्ठी दर वर्षीची होती. 'बाबांचा कोट. बाह्या आखूड करा. एकदम नको, अर्धाच इंच. पुढच्या वर्षी बघू.' कोट होता वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका काकांचा. ठेंगणे, मितभाषी गृहस्थ. आत्या त्यांना 'अर्धा इंच' म्हणायची, अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्या चिठ्ठीवरून मी गोष्ट लिहिली. उंचापुरा, धिप्पाड बाप, त्याच्या धाकात वाढलेला मुलगा, आणि बाप गेल्यावर त्याचा कोट दर वर्षी थोडाथोडा कापून मुलाने उगवलेला सूड. चिठ्ठी गोष्टीत तशीच्या तशी घातली. आणि काय सांगू, गोष्ट छापून आली! अंक नाचवत मी दुकानात शिरले.

आत्याने मशीन थांबवून सगळी वाचली. मग चष्मा काढला.

"हे त्यांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुला नाही."

बस, एवढंच. ओरडली असती तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या चिठ्ठ्यांवर फक्त इंच उरले. 'कंबर एक इंच सैल.' 'बाही दोन इंच आखूड.' चिठ्ठ्यांची तार माझा हात पोचणार नाही इतकी वर गेली. बोलायची तशी नेहमीसारखीच, पण तिच्या शेजारी बसून मला परक्याच्या घरी बसल्यासारखं वाटायचं. तिचा माझ्यावरचा विश्वास गेला होता आणि तो मला गोष्टीपेक्षा जास्त हवा होता. मी शंभरदा सॉरी म्हटलं.

"मला नको म्हणूस," ती म्हणाली. "कोट घेऊन येतील तेव्हा तो अंक त्यांच्यापुढे ठेव."

पुढचे कितीतरी दिवस मी दाराकडे पाठ करूनच बटणं लावली.

काका आले. कोट टेबलावर ठेवला. मी अंक पुढे केला आणि काय केलंय ते कसंबसं सांगितलं. ते उभ्याउभ्याच वाचू लागले. आत्या मान खाली घालून मशीनच्या बॉबिनवर दोरा भरत होती. बॉबिन आधीच भरलेली होती.

"चांगलं लिहितेस गं," काका शेवटी म्हणाले. "एकच चुकलंय. बाबा उंच नव्हते. माझ्याएवढेच होते."

"मग कोट?"

"मुद्दाम मोठा शिवून घेतला. मी दहा वर्षांचा होतो. म्हणाले, माझं आता काय वाढायचंय, पोरगा वाढेल, त्याला होईल. जन्मभर बाह्या दुमडून घातला त्यांनी. लोक हसायचे." काकांनी कोटावरची नसलेली धूळ झटकली. "मी काही तेवढा वाढलो नाही. पण एकदम कापला तर त्यांना कळेल, असं वाटत राहतं."

सूड म्हणे! विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं.

आत्या उठली. तिने कोट काकांच्या अंगावर चढवला. बाह्या अजूनही बोटांपर्यंत येत होत्या. "या वर्षी किती?" तिने हळूच विचारलं.

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज बोलून गेलोच आहे, ताई. मनगटापर्यंत करून टाका."

आत्याने चिठ्ठ्यांचं पॅड आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "लिही."

"किती इंच?"

"इंच मी बघते. ते सांगतील ते लिही."

मी काकांकडे पाहिलं. "लिहू का?" आयुष्यात पहिल्यांदाच मी हे कोणाला तरी विचारत होते. त्यांनी मान हलवली आणि एकेक शब्द सावकाश सांगितला.

'बाबांचा कोट. बाह्या मनगटापर्यंत. एवढाच वाढलो.'

आत्याने चिठ्ठी वाचली, एकही शब्द खोडला नाही, आणि बाहीला टाचली.