नामदेवकाकांच्या दारात थांबवलेली मिरवणूक

भंडाऱ्याच्या स्टँडवर पवनीच्या गाडीची वाट पाहत होतो, तेव्हा नामदेवकाका गेल्याचा फोन आला. निघालो होतो आमच्या गावी, कोंढ्यालाच. पण त्यांच्या घरी नव्हे. दोन वर्षांपासून त्या दाराकडे माझे पाय वळत नव्हते...

काका आमचे रक्ताचे नव्हेत, धुऱ्याचे. त्यांच्या आणि आमच्या धानाच्या बांध्यांमध्ये फक्त एक मातीचा धुरा. बाबा एका पार्टीचे, काका दुसरीचे. धुऱ्यावर बसून दोघे तावातावाने भांडत आणि मग एकाच डब्यातलं खात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बाबा पडले, त्या दिवशी काकांच्या गटाची मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली. हरलेल्याच्या दारात मुद्दाम जास्त वेळ वाजवायचं, ही आमच्या गावाची जुनी खोड. काकांनी आमच्या घराच्या अलीकडेच वाजंत्री बंद करवली. "त्याच्या पोटात सकाळपासून अन्न नाही, अन् तुमी काय नाचून राहिले गा?" मग डोक्यावरचा गुलाल झटकून आत आले आणि बाबांना जेवायला बसवलं.

हे सगळं पाहिलेला मी, काकांचा बापू, वर शाळेत मास्तर. तरी पुढच्या खेपेला आमचा गट जिंकला तेव्हा काकांच्या दारात मिरवणूक मीच मुद्दाम वाजवत थांबवली. बाबा तोवर गेले होते, कान धरणारं कोणी उरलं नव्हतं. मोबाइलवर रोज तेच ते वाचून मला काकांमधला माणूस दिसेनासा झाला होता, नुसती पार्टी दिसायची. घामेजल्या हाताने मी त्यांच्या ओसरीतल्या भिंतीवर गुलाल थापला. काका पाण्याने भरलेला पितळी गुंड घेऊन बाहेर आले. "दमले असान पोरहो, पाणी पेऊन घ्या." सगळे प्यायले. मी नाही प्यायलो.

नंतर ते धुऱ्यावर दिसले की मी मान वळवायचो. वाटायची ती लाज होती, मी तिला राग म्हणत राहिलो. "काका, चुकलं" एवढंच म्हणायचं होतं...

त्या दिवशी त्यांच्या दारात जायचा धीर झाला नाही; तेरवीला गेलो. ओसरी चुन्याने पांढरीशुभ्र, दाराजवळची हातभर जागा मात्र फिकट गुलाबी. माझी नजर पाहून काकू म्हणाल्या, "दिवाळीले पोरगा चुना माराले गेला का तुये काका म्हणत, तेवढं राहू दे. बापू येईन, त्याच्याच हातानं पुसन."

मी रुमाल ओला करून भिंतीशी गेलो. काकूंनी माझा हात धरला.

"आता कायले, बापू? वाट पाहणारा तं गेला."