खिशातले सेल

गेल्या मार्चमधली ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. उजव्या कानात ऐकण्याचं मशीन असलं की त्यांना साधं बोलणं ऐकू येतं. नसलं की ओरडावं लागतं. आई गेल्यापासून रोज सकाळी मी त्यांना विजापूर रस्त्याकडच्या वन उद्यानात फिरायला नेतो. मुरमाची सपाट पायवाट आहे, दोन्ही बाजूंना कडुनिंब, करंज, सुबाभूळ. चढ नाही, खड्डे नाहीत. पाऊण तासात फेरी होते.

त्रास वाटेचा नव्हता. मशीन कानात असलं की अण्णा फेरीभर बोलत. हे झाड कसलं, मोर कुठल्या बाजूला ओरडला, तुझा साहेब बदलला का, पोरीचं कुठं जमतंय का. एकाचं उत्तर दिलं की दुसरा प्रश्न तयार. मग मशीनचे सेल संपले. त्या आठवड्यात ते गप्प चालले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला त्या झाडांतली पाखरं ऐकू आली.

शनिवारी मी नवे सेल आणले. घरी सांगितलं, दुकानात शिल्लक नाहीत. पुडकं शर्टाच्या खिशात ठेवलं आणि रोज सकाळी कालच्या शर्टातून आजच्या शर्टात हलवत राहिलो.

बुधवारी मी चालता चालता पुढे गेलो. विसरून नाही, मुद्दाम. आधी दहा पावलं, मग वीस. वळणावर थांबून मागे पाहिलं तर वाट रिकामी.

वाटेतल्या बाकावर टेकले असतील म्हणून मागे आलो. बाक रिकामा होता. त्याच्या पुढे वाटेला फाटा फुटतो. एक वाट फाटकाकडे जाते, दुसरी कुंपणाच्या कडेने. त्या कडेला एका ठिकाणी शेरडं आत घालण्यासाठी कुणीतरी तार तोडली आहे, आणि तिथून वीस पावलांवर हमरस्ता आहे. सकाळी तिथून उसाच्या ट्रॉल्या आणि टँकर जातात. त्यांच्या हॉर्नला अण्णा मागे वळून पाहणार नव्हते.

मी हाका मारत सुटलो. पाला झाडणाऱ्या मावशींनी हात थांबवून विचारलं, कोण हरवलंय. मी सांगितलं, वडील आहेत, पांढरी टोपी आहे, ऐकू येत नाही.

"ऐकू येत न्हाय, मग वरडताय कुणासाठी?" त्या म्हणाल्या, आणि खराट्याने तारेकडची वाट दाखवली. टोपीवाले मघाशीच तिकडं गेले होते.

मी पळालो. माझी पन्नाशी उलटली आहे, पळायची सवय नाही. रस्त्यावर ब्रेक दाबल्याचा आवाज येतो का, तेवढंच ऐकत होतो. त्या धावपळीतही माझा हात एकदा खिशाकडे गेला. हे पुडकं आधी कुठंतरी झुडपात टाकावं, असं मनात आलं. लिहिताना लाज वाटते, पण आलं.

तुटक्या तारेपाशी ते पाठमोरे उभे होते. एक हात खांबावर, एक पाय कुंपणाबाहेर. नजर रस्त्यावर. मला मागून त्यांचा खांदा धरून ओढायचं होतं. पण लहानपणी मी डबा घेऊन कारखान्यात जायचो तेव्हा त्यांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती. मागावरच्या माणसाला मागून हात लावायचा नाही. तो दचकला तर हात मागात जातो. वळसा घालून समोर जायचं आणि त्याच्या नजरेत उभं राहायचं. मी बाभळीच्या काट्यांतून वळसा घातला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"कुटं गेलतास?" ते मोठ्यांदा म्हणाले. "मागं बघंना झालास. म्हटलं, रस्त्याला लागलास का काय. तुलाच बघत हितवर आलो की."

मी त्यांना धरून आत घेतलं. मग खिशातून पुडकं काढलं. एक सेल सुटा केला. या सेलवरचा कागद काढल्यावर मिनिटभर थांबावं लागतं, मगच तो चालतो. तेवढा वेळ सेल माझ्या तळहातावर होता आणि अण्णा त्याच्याकडे पाहत होते, माझ्याकडे नाही.

अण्णांनी आपल्या खिशातून बंद मशीन काढून पुढे केलं, मी सेल घातला. मशीन कानात बसलं, शिट्टी वाजली, थांबली.

"बोल आता," ते म्हणाले. या वेळी हळू.

"सेल शनिवारीच मिळाले होते, अण्णा."

"ठावं हाय. शर्ट पातळ हाय तुझा."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"तुलाच नको होतं की."

तसं नाही, एवढं म्हणायचं होतं. मशीन नसतं तर मान हलवून भागलं असतं. आता त्यांना माझा श्वासही ऐकू जात होता, आणि माझ्या तोंडून ते निघेना.

ते फाटकाकडे चालू लागले. मी मागे राहिलो. अजूनही मी मागेच चालतो, त्यांच्या टाचांवर नजर ठेवून. ते मधूनच विचारतात, हे झाड कसलं. बहुतेक वेळा मला सांगता येत नाही.