न आलेल्या मुंग्या

“अगं, ती शिकवते की नुसती शेजारी बसते?” दादा स्वयंपाकघरात वहिनीला विचारत होता. त्याला वाटलं होतं मी आंघोळीला गेलेय. मी बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत उभी होते.

“हळू बोला. शिकवते की. रोज सकाळी.”

“मग आवाज कसा येत नाही?”

वहिनी हसली. मलाही हसू येत होतं, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, “रविवारी मी पोरीची निसर्गाची वही बघणार आहे. काही दिसलं त्यात तर ठीक. नाहीतर शाळेचा फॉर्म आणून ठेवलाय, भरून टाकू.”

दादाच्या नोकरीपायी माझ्या भाचीनं आठ वर्षांत तीन गावं पाहिली. चाकण, होसूर आणि आता चेन्नई. इथल्या शाळेत ती एक सत्रभर गप्प बसून राहिली. पाणी प्यायला जाऊ का, एवढंही तिला कुणाला विचारता आलं नाही. मग वहिनीनं तिला घरीच शिकवायचं ठरवलं. गणित आणि मराठी वहिनीकडे, इंग्रजी संध्याकाळी कंपनीची बस दादाला सोडून गेली की त्याच्याकडे. मी अंबत्तूरच्या ऑफिसला अकराला निघते, म्हणून सकाळ माझी. निसर्गाचा तास मला दिला, कारण त्यात फार बोलावं लागत नाही, असं वहिनी चेष्टेनं म्हणाली होती. ते खरंही होतं. मला चार माणसांत बोलता येत नाही. तिच्याजवळ बसता मात्र येतं.

आम्ही दोघींनी काय काय पाहिलं! शेवग्याच्या खोडाला चिकटलेले केसाळ सुरवंट, गटाराच्या पाइपातून उगवलेला पिंपळ, विजेच्या तारेवरून शेपटी फुलवत जाणारी खार. रोज एक पान. तारीख, ऊन की ढग, काय दिसलं. ती चित्र काढायची, मी पेन्सिलींना टोक करायचे.

तळमजल्यावर एक पाट्टी राहतात, इथे आजीला पाट्टी म्हणतात. त्यांनी एकदा सांगितलं की दारातलं कोलम, म्हणजे इथली रांगोळी, मुंग्यांसाठी असतं. दिवस उजाडल्यावर पहिलं अन्न मुंगीला. मला ते इतकं आवडलं की मी त्याचाच धडा केला. आमच्या दारातही मी रोज ठिपके मांडून कोलम काढतेच. सकाळी सातला भाचीनं उंबऱ्याशी बसायचं, पंधरा मिनिटं मुंग्या मोजायच्या आणि लिहायचं.

पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, “मुंग्या आल्या नाहीत.” दुसऱ्या दिवशीही तेच. मला ते आळशीपणाचं वाटलं. मी ज्या शाळेत शिकले तिथे उत्तर आधी पुस्तकात असायचं, मग आपल्या वहीत. मी लाल पेनानं दोन्ही वाक्यं खोडली आणि खाली लिहिलं, “मुंग्या कोलमचं पीठ खायला येतात. नीट बघ.”

त्यानंतर मुंग्या आल्या. एके दिवशी सात, मग अकरा, मग एकोणीस. तोंडात पांढरा कण धरलेली एक मुंगी तर तिनं पानभर काढली होती. त्या दिवसांत माझे ऑफिसचे कॉल सकाळी सुरू झाले होते, त्यामुळे दारात ती एकटीच बसायची. मी वही नंतर बघायचे आणि चांदण्या द्यायचे.

शनिवारी दुधाची पिशवी आणायला मी खाली गेले. कोलम काढून मी तशीच उतरले होते, बोटं पांढरी होती. पाट्टी दारात बसून कोलम काढत होत्या आणि त्यांच्या कालच्या रेघेवर मुंग्यांची चक्क रांग लागली होती. मी वाकून बघत राहिले. पाट्टींनी माझा हात धरला, बोटांवरची पूड आपल्या चिमटीत चोळली आणि म्हणाल्या, “कल्लु!” म्हणजे दगड. मग त्यांच्या तमिळमध्ये, मला कळेल इतकं सावकाश, “बाळा, हे खाऊन बिचाऱ्या मुंगीचे दात पडतील की!”

त्यांची ओंजळ तांदळाच्या पिठानं भरलेली होती. माझ्याकडची रांगोळी आई साताऱ्याहून पाठवते. शिरगोळ्याची. ती दगडाची पूड असते हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी इथले ठिपके शिकले, इथल्या रेघा शिकले, आणि त्यात भरायला आपली रांगोळी घेतली. एकदाही मनात आलं नाही.

वर आले तेव्हा भाची उंबऱ्याशी बसली होती. शेजारी वही, त्यात आधीच लिहिलेलं, “आज तेवीस.”

मी तिच्याजवळ बसले. दारात एकही मुंगी नव्हती.

“या तेवीस कुठून आल्या गं?”

तिनं पेन्सिल बोटांत फिरवली. “तूच लाल पेनानं लिहिलंस ना आत्या, येतात म्हणून. आणि नाही आल्या तर बाबा शाळेत घालतील.” मग माझ्याकडे न बघता, “बाबांना सांगशील?”

माझं गप्प राहणं तिनं ‘नाही’ असं धरलं आणि माझ्या दंडाला डोकं टेकलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

रविवारी नाश्त्याला इडल्या होत्या. दादानं चष्मा लावून वही पहिल्यापासून चाळायला घेतली. सुरवंटांपाशी “अरे वा” म्हणाला. मुंग्यांची पानं आली तसा तो खुर्चीत पुढे सरकला. “सात, अकरा, एकोणीस... अगं हे बघ, रोज वाढतायत! हिनं रोज मोजल्यात!” त्यानं वही वहिनीला दाखवली, मग माझ्याकडे बघून ओशाळं हसला. “मी उगाच शंका घेत होतो बाई. चला, आणखी एक वर्ष घरीच.”

वहिनीनं त्याला न विचारता आणखी एक इडली वाढली. टेबलाखाली दोन लहान बोटांनी माझा कुडता घट्ट धरला. सगळं हवं तसं झालं होतं. मला फक्त चटणी मागायची होती आणि खात राहायचं होतं. आणि पुढचं वर्षभर या मुलीला सांगत राहायचं होतं, जे दिसेल ते लिही.

“दादा,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की तो “काय?” म्हणून माझ्याकडे झुकला. मी टेबलाखाली तो लहान हात हातात घेतला.

“दादा, मुंग्यांची ही पानं खरी नाहीत. त्याआधीची दोन बघ, मी खोडलेली, ती खरी आहेत. आपल्या दारात दगडाची रांगोळी असते, तिथे मुंगी येतच नाही. हिला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं, मीच तिला खोटं लिहायला लावलं. तुला काय ठरवायचं ते त्या दोन पानांवरून ठरव.”