वेगळी बोचकी

शिरूर कासारच्या अपेक्षानं झिपसारख्या गठ्ठा-फायली उघडणारी सॉफ्टवेअर लायब्ररी लिहिली. ऊसतोडीला निघताना ट्रॅक्टरवर घरोघरची बोचकी वेगळी बांधतात, एकाचं सुटलं तरी दुसऱ्याचं सांडत नाही. तसा तिनं प्रत्येक फाईल-प्रकाराचा कोड वेगळा ठेवला होता.

पुण्याच्या कंपनीतल्या तिच्या साहेबानं लायब्ररीवरचं तिचं नाव काढून स्वतःचं घातलं, वर शहाणपणा करून सगळा कोड एकात कोंबला. अपेक्षानं डूख धरला. नोकरी सोडून गावी आली, पण फोन नंबर मुद्दाम बदलला नाही.

वर्षभरानं कुठलीशी एक खराब फाईल आली आणि अख्खी लायब्ररी बंद पडली. साहेबाचा फोन आलाच.

"अपेक्षा, जरा बघतेस का?"

तिनं निवांत चहा संपवला.

"मी कावून बघू, सर? वर ज्याचं नाव हाय, त्यालाच विचारा की."