सोनगीर की पाचोरा

मटणाचे ताट समोर आले की नानांशी बोलायचे नाही, हे मला पहिल्याच दौऱ्यात कळले. मी नवा होतो, उत्साहात होतो, आणि कापसाच्या नव्या वाणाबद्दल काहीतरी विचारत होतो. नानांनी डावा हात वर करून मला थांबवले. भाकरीचा तुकडा मोडला, नुसत्या रश्शात बुडवला, तोंडात टाकला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मटणाला हात नाही, कांद्याला नाही, लिंबाला तर नाहीच. इतका वेळ गेला की घास अडकला की काय असे मला वाटले. मग म्हणाले, "खोबरं भाजताना घाई केली यांनी. जेव आता." त्यानंतर ते चारचौघांसारखे जेवले, माझ्यापेक्षा दोन भाकरी जास्तच.

नाना बियाण्यांच्या कंपनीत माझे वरिष्ठ. मूळचे शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातले, पण जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतली दुकाने, शेते आणि खानावळी त्यांना तोंडपाठ. माझ्याशी कामाचे बोलायचे ते शुद्ध मराठीत. जेवणाची गोष्ट निघाली की मात्र गाडी बहुधा अहिराणीवर यायची, कारण चव या विषयात प्रमाण मराठीवर त्यांचा विश्वास नव्हता. गावात त्यांना 'मीठनाना' म्हणत. पंगतीचा मोठा हंडा उतरवण्याआधी मीठ बघायचा मान त्यांचा. आचारी पळीभर रस्सा त्यांच्या हातावर घालणार, नाना चाटणार आणि "बराबर शे" म्हणणार. ते एकदा म्हणाले की पुढे कुणी हंड्यात चिमूटभर मीठ घालायचे नाही आणि कुणी ब्र काढायचा नाही, अशी रीत होती.

खानावळ पारखण्याचा त्यांचा नियम सोपा होता. "जठे मालक सोता जेवस, तठे जेवानं." मालक स्वतः जिथे जेवतो, तिथेच आपण जेवायचे. धुळ्याच्या बायपासला एक मोठे हॉटेल झाले. काचेचा दरवाजा, आत गारठा, भिंतीवरून पाणी वाहतेय, आणि मेनू कार्डावर मटणाचे इतके गुळगुळीत फोटो की खायचे की फ्रेम करायचे कळू नये. हौसेने मीच नानांना घेऊन गेलो. त्यांनी वेटरला पहिला प्रश्न विचारला, "तुमचे मालक कुठल्या टेबलावर जेवतात?" वेटर अदबीने म्हणाला, "साहेब, मालक शाकाहारी आहेत." नाना पाणी पिऊन उठले. त्यानंतर कित्येक महिने मी कुठेही जेवायला नेतो म्हटले की विचारायचे, "मालकाची चौकशी केली का?"

आमचा खरा वाद दोनच ठिकाणांचा. मी सोनगीरच्या बाजूचा, ते पाचोऱ्याच्या. सोनगीरजवळ हायवेला एक ढाबा आहे. बाजेवर बसायचे, मधल्या फळीवर ताट, शेजारी ट्रकवाले, समोर धूळ. रश्शावर बोटभर तर्री, कांदा जाळून केलेला काळा मसाला, पहिल्या घासाला कान गरम होतात. तिथे बोलायचे तर ओरडावे लागते आणि ओरडले की भूक वाढते. पाचोऱ्याची खानावळ म्हणजे स्टेशनमागे एका अक्कांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. पाटी नाही. चार बाकडी, कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर झाकलेला टॉवेल. रस्सा पातळ, तेल जवळजवळ नाहीच, सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी. अक्का एकदाच विचारत, "रस्सा देऊ का, भाऊ?" नाही म्हटले की संपले. तिथे माणसे हळू बोलतात. नाना म्हणायचे, "सोनगीरले मसाला जेवस. पाचोराले मटण जेवस." मी म्हणायचो, "पाचोऱ्याला आजारी माणसाचं जेवण मिळतं." हा वाद आम्ही मोटारसायकलवर केला, जीपमध्ये केला, एकदा कृषी प्रदर्शनाच्या स्टॉलवर शेतकऱ्यांना ताटकळत ठेवून केला. त्यात सुटण्यासारखे काही नव्हते आणि सोडवायची घाई कुणाला नव्हती.

निवृत्तीनंतर ते धुळ्यात राहायला आले. माझीही बदली धुळ्याला झाली, तेव्हा मला आनंद झाला तो मुख्यतः मटणाच्या रविवारांचा. पण वर्षभरातच नानांचा आवाज बसला. घशात गाठ निघाली. किरणांचे शेक घेऊन ते घरी आले तेव्हा गाठ गेली होती, पण चवही गेली होती. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, केलेली खिचडी त्यांनी तोंडात घेतली, नेहमीसारखा हात मांडीवर ठेवला आणि बसून राहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "काहीच नही रे." मी त्यांना इतके घाबरलेले कधी पाहिले नव्हते. गाठीला ते घाबरले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, चव हळूहळू येते, कुणाला सहा महिने लागतात, कुणाला वर्ष, कुणाला पूर्ण येतच नाही. नानांनी यातले पहिले तेवढे ऐकले. त्यांनी परीक्षा ठरवली. दर रविवारी मी डबा आणायचा, कधी सोनगीरचा, कधी पाचोऱ्याचा. शनिवारी माझी फेरी पाचोऱ्याला असायचीच. काकू रस्सा गाळून, वरचे तेल काढून कोमट करत, म्हणजे जाडपणावरून ओळखायला नको. नाना डोळे मिटून चमचा तोंडात घेणार आणि कुठला ते सांगणार. त्यानंतर मी तेच मटण त्यांच्यासमोर बसून जेवायचे आणि आज काय जमले, काय फसले, ते तपशिलाने सांगायचे. ते ऐकताना त्यांचे ओठ हलत. मी जेवत असे आणि पोट त्यांचे भरत असे, असे काकू म्हणायच्या.

तीन महिने उत्तर एकच. "गरम पाणी पेवाना मायक." गरम पाणी प्यावे तसे. मग एका रविवारी त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ घेतला, आणि अडखळत म्हणाले, "पाचोरा."

डबा सोनगीरचा होता.

मी म्हणालो, "बरोबर."

का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तोंडातून निघून गेले. काकूंनी रस्सा स्वतः गाळला होता, त्यांना ठाऊक होते. त्या खाली बघून चमचा पुसत राहिल्या. नानांनी डोळे उघडले, त्यांत पाणी होते, आणि त्यांनी माझा हात धरला. त्यानंतर दर रविवारी ते जे म्हणतील ते बरोबर. कधी खरोखरच बरोबर यायचे, दोनच तर नावे होती. त्यांची तब्येत सुधारली, हे मात्र खोटे नव्हते. ते संध्याकाळी फिरायला जाऊ लागले, फोनवर लोकांना सांगू लागले की जीभ परतली. मी स्वतःची समजूत घातली की एखादा महिना जाऊ द्यावा, तोवर खरोखर येईल.

मधेच गावाकडून पुतण्याचा निरोप आला. त्याच्या मुलाची मानता होती, म्हणजे नवसाचे बोकड. शेतात पंगत. नानांनी मला गाडी काढायला लावली. बाभळीखाली तीन हंडे रटरटत होते. नैवेद्य निघाला, आणि जुना आचारी पळी घेऊन सरळ नानांसमोर आला. म्हणाला, "नाना, बरं व्हयनं तुम्ही उनात. मीठ देखा." बरे झाले आलात, मीठ बघा.

नानांनी हातावर रस्सा घेतला, चाटला, विचार केला. म्हणाले, "कमी शे."

आचाऱ्याने मूठभर मीठ टाकले. पुन्हा पळी. "अजून." पुन्हा मूठ. आचाऱ्याने माझ्याकडे पाहिले. त्याने स्वतः अंदाजाने घातलेले मीठ बरोबर होते हे त्याला माहीत होते, आणि काहीतरी चुकतेय हेही त्याला कळले होते. मी एक शब्द बोललो असतो तर हंडे वाचले असते. पण तो शब्द बोलायचा म्हणजे सगळ्या रविवारांचे सांगावे लागले असते, तेही शंभर माणसांत. मी बाभळीच्या शेंगा बघत उभा राहिलो. तिन्ही हंड्यांत मीठ पडले आणि नाना म्हणाले, "बराबर शे."

पंगत बसली. कुणी ब्र काढला नाही, कारण तशी रीत होती. लोक भाकरी कांद्याशी खात होते. पाण्याची पिंपे पहिली पंगत उठायच्या आत तळाला गेली. नाना नेहमीप्रमाणे रांगेतून ताटे बघत चालले, आणि त्यांची चाल मंद होत गेली. त्यांनी आचाऱ्याला विचारले, "मीठ जास्त व्हयनं का?" तो म्हणाला, "नही नाना." पुतण्या म्हणाला, "झकास शे." मग ते माझ्यापुढे येऊन थांबले. त्यांनी माझे ताट पाहिले. भाकरी संपली होती आणि रस्सा वाटीत काठोकाठ होता.

परतताना सोनगीर गेले, ढाबा गेला, तरी ते खिडकीबाहेर बघत होते. धुळे जवळ आल्यावर हळू आवाजात म्हणाले, "पहिल्या दिवसापासून?" मी हो म्हणालो. "मनी जीभ गयी ते गयी," ते म्हणाले. "तुनी व्हती ना मनाजोडे. आते ती बी गयी." तुझी होती ना माझ्याजवळ, आता तीही गेली. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते. मी माफी मागितली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि समोर बघून गाडी चालवायला सांगितले.

मी रविवारी जात राहिलो. नाना प्रेमाने बोलायचे. पाऊस, कापूस, बोंडअळी, कंपनीतली जुनी माणसे, सगळे विचारायचे. माझ्या मुलीच्या शाळेचीही चौकशी करायचे. मी नेलेला डबा काकू आत ठेवत. परीक्षा बंद झाली होती आणि माझे त्यांच्यासमोर जेवणेही बंद झाले होते, तसे कुणी ठरवले नव्हते. पुढे गाठ परत आली. या वेळी डॉक्टरांनी फार काही सांगितले नाही.

शेवटी शेवटी एका रविवारी मी पाचोऱ्याहून डबा आणला आणि काकूंना न विचारता त्यांच्या कॉटजवळच ताट घेऊन बसलो. नुसत्या रश्शात भाकरी बुडवली, खाल्ली, मांडीवर हात ठेवून थांबलो. मग सांगितले, "नाना, अक्कांचा हात आता थकलाय. खोबरं कच्चं राहिलंय. मीठ कणभर कमी आहे. पण मटण तुम्ही म्हणायचात तसंच आहे, सोनगीरपेक्षा सरस. हा वाद तुम्ही जिंकलात." यातले अक्षर न् अक्षर खरे होते. आयुष्यात एवढे खरे मी कधी बोललो नव्हतो.

नाना माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत माया होती, ती शेवटपर्यंत होती. पण ऐकताना हलायचे ते ओठ हलले नाहीत. मी खरे बोलतोय की त्यांना बरे वाटावे म्हणून बोलतोय, हे ओळखायचा मार्ग मीच त्यांच्याकडे ठेवला नव्हता. त्यांनी मान हलवली, जशी पाहुण्याचे मन राखायला हलवतात, आणि काकूंना म्हणाले, "त्याले पाणी दे."